खुराक राहिला, मेहनत सुटली

कोल्हापुरात मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराची चर्चा निघाली की बोट तांबड्या-पांढऱ्या रश्शाकडे दाखवले जाते. पण या आजारांची मुळे शोधताना तालमीकडेही पाहावे लागते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे कुस्ती बहरली आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. दूध, तूप, मटण आणि बदामाची थंडाई हा पैलवानाचा खुराक होता, आणि तो जिरवायला रोजच्या शेकडो जोर-बैठका होत्या. आज गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला रिचवणाऱ्या अनेकांचा दिवस मात्र खुर्चीत किंवा दुचाकीवर जातो.

मेहनतीचा हा हिशेब वैद्यकशास्त्राने तसा उशिराच मांडला. १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी सुरू झाली आणि त्यातून, आजार जडण्याआधीच तो कोणाला जडण्याची शक्यता अधिक हे सांगणारी ‘जोखीम घटक’ ही कल्पना १९६१ च्या सुमारास रूढ झाली. त्याआधी १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधील कर्मचाऱ्यांची तुलना केली, तेव्हा दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो असे आढळले. (आपल्या एसटीच्या कंडक्टरला जिना नाही, ही गोष्ट वेगळी.)

औषधांची बाजू १९६७ मध्ये भक्कम झाली. अमेरिकेतील माजी सैनिकांवरील चाचणीत तीव्र रक्तदाब गोळ्यांनी उतरवल्यास पक्षाघातासारखे गंभीर परिणाम टळतात, हे सिद्ध झाले. मात्र उपचार जोखीम वाढवूही शकतात: १९४० च्या दशकाअखेरीस संधिवातावर जादूसारखे वाटलेले कॉर्टिझोन दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील साखर वाढवते आणि हाडे ठिसूळ करते. गुडघेदुखीवर परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही रक्तदाब आणि मूत्रपिंडांना महागात पडू शकतात.

गोळी की सवय, हा प्रश्न २००२ मध्ये अमेरिकेत थेट तपासला गेला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांत आहार-व्यायामाने मधुमेहाची जोखीम ५८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिन या मधुमेहावरील गोळीने ३१ टक्क्यांनी घटली. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावणे चूक ठरले असते, कारण भारतीय माणसाला मधुमेह कमी वजनातही गाठतो. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चेन्नईतील चमूने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सवयी बदलल्याने जोखीम २८.५ टक्के आणि मेटफॉर्मिनने २६.४ टक्के घटली. दोन्ही एकत्र केल्याने अधिक लाभ दिसला नाही. त्यातील लोकांना रोज किमान अर्धा तास चालण्याबरोबरच साखर, मैदा आणि तेल-तूप आवरण्याचा सल्ला होता. रंकाळ्याकाठी पहाटे फिरणाऱ्यांचा अर्धा तास सहज भरतो. परतताना मिसळीच्या गाड्यावर कटाची दुसरी वाटी मागितली जाते, तेव्हा सल्ल्याचा उरलेला भाग राहून जातो.