सर्व्हर बंद करताना घाई नको

मृगाचा पाऊस लागला की गोव्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. माडाचं एखादं चुडत तारांवर पडायचा अवकाश, अख्खा वाडा काळोखात. अशा दिवसांत साखळी-डिचोलीकडचं कोणी पोर घरच्या जुन्या संगणकावर माइनक्राफ्टचा (ठोकळ्यांनी जग बांधायच्या खेळाचा) सर्व्हर, म्हणजे सगळ्या खेळाडूंना एका जगात जोडणारा प्रोग्रॅम, चालवत असेल, तर नुकसान खेळ थांबण्यापुरतं राहत नाही. सर्व्हर परत सुरू केल्यावर मघाशी बांधलेला किल्ला अर्धाच उभा दिसू शकतो.

कारण खेळ चालतो रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत. सर्व्हर सेकंदाला 20 वेळा जगाचा हिशेब नव्याने मांडतो. दरवेळी डिस्कवर लिहीत बसला तर खेळ रांगायला लागेल. म्हणून बदल रॅममध्ये साठतात आणि अधूनमधून डिस्कवर उतरतात. बरं, सर्व्हरने 'लिहिलं' म्हटलं तरी ते तिथं पोचलंच असं नाही. ऑपरेटिंग सिस्टीम ते आधी स्वतःच्या ताब्यातल्या मेमरीत ठेवते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ते तिथं 30 सेकंदही रेंगाळू शकतं.

खरी गंमत पुढेच आहे. खेळाडूचं सामान एका फाइलीत असतं, जमीन आणि तिच्यावरच्या पेट्या दुसऱ्या फाइलीत, आणि दोन्ही एकाच क्षणी सेव्ह होत नाहीत. समजा, एकाने पेटीतले हिरे काढून घेतले आणि तो लॉग-आउट झाला. जाताना त्याची फाइल लिहिली गेली. पेटी असलेला 16 बाय 16 ठोकळ्यांचा तुकडा मात्र अजून रांगेत. तेवढ्यात वीज गेली. आता हिरे त्याच्याकडेही आणि पेटीतही! त्याने हिरे पेटीत ठेवले असते, तर दोन्हीकडून गेले असते. बँकेचा डेटाबेस असे व्यवहार एक तर पुरते करतो, नाहीतर मुळीच करत नाही. खेळाच्या फाइलींकडून तेवढ्या काटेकोरपणाची अपेक्षा नको.

म्हणून खेळाडूंना आधी सांगा, मग सर्व्हरच्या कन्सोलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'स्टॉप' लिहा. सर्व्हर सर्वांना बाहेर काढतो, खेळाडू आणि जग सेव्ह करतो आणि मगच स्वतः बंद होतो. जग मोठं असेल तर याला वेळ लागतो, आणि नेमकी इथंच लोकांची घाई नडते. लिनक्समध्ये 'सिगटर्म' हा संदेश आवराआवरीला सवड देतो. 'सिगकिल' जागच्या जागी मान मुरगळतो. डॉकरमधला (डॉकर म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन) सर्व्हर थांबवताना पहिल्यानंतर दुसरा संदेश जातो, मध्ये नेहमीच्या सेटिंगला फक्त 10 सेकंद. ही मुदत मिनिट-दोन मिनिटांवर नेलेली बरी.

घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. वीज जाऊन बॅटरी लागेपर्यंतच्या क्षणात संगणक रीस्टार्ट होऊ शकतो. यूपीएस (वीज गेल्यावर संगणक बॅटरीवर चालू ठेवणारं यंत्र) घेताना यूएसबी पोर्ट आहे का ते बघा. त्यातून संगणकाला 'वीज गेली' हे कळतं आणि 'नट'सारखं फुकटातलं सॉफ्टवेअर बॅटरी संपायच्या आत सर्व्हर रीतसर बंद करायला लावू शकतं. नुसता यूपीएस संकट दहा-पंधरा मिनिटं पुढे ढकलतो, एवढंच.

बॅकअप घेतानाही हीच अडचण येते. खेळ चालू असताना फोल्डर कॉपी केलं तर काही फाइली आधीच्या, काही नंतरच्या येतात. म्हणून कन्सोलवर आधी 'सेव्ह-ऑफ' (आपोआप सेव्ह बंद), मग 'सेव्ह-ऑल फ्लश' (साठलेलं सगळं लगेच डिस्कवर), मग कॉपी आणि शेवटी 'सेव्ह-ऑन'. हे शेवटचं विसरलात तर आपोआप सेव्ह होणं बंदच राहतं, आणि तसं झाल्याचं खेळताना कुणालाच जाणवत नाही.