वास नाही म्हणजे गळती नाही? तसं नसतं हो

"इंधनाच्या टाकीला गळती असेल तर वास येतोच, वास नाही म्हणजे सगळं ओके" हे वर्षानुवर्षं फिरतंय. वाटणं साहजिक आहे, घरच्या सिलिंडरची गळती आपल्याला वासावरूनच कळते ना, पण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. इंधन साठवायच्या डेपोत पेट्रोलचा वास थोडाफार कायमच असतो आणि नाक काही मिनिटांत त्याला सरावतं, शिवाय वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती खाली नाल्यात, खड्ड्यात साचते, आणि टाकीचा तळच गळत असेल तर माल सरळ जमिनीत मुरतो, वर काय वास येणार!

म्हणून डेपोत व्हॉल्व्ह, फ्लँज (पाइपांचे जोड), पंपाच्या सीलजवळ वाफ मोजणारं मीटर धरून रीडिंग घेतात, इन्फ्रारेड कॅमेऱ्यात तर डोळ्याला न दिसणारी वाफ धुरासारखी दिसते.

पेट्रोल पंपवाल्यांना जमेल असा चेक म्हणजे रात्री विक्री बंद झाल्यावर टाकीतली लेव्हल घ्यायची, सकाळी सुरू करायच्या आधी परत. फक्त तापमान धरूनच बरं का, कारण २०,००० लिटर पेट्रोल १० अंशांनी थंड झालं तर गळती नसतानाही साधारण २०० लिटर कमी दिसतं. तो फरक वजा करूनही रोज तूट येत असेल तर टाकी आणि पाइपलाइनची टेस्ट करून घ्या.