अर्धं सर्किट लोखंडाचं

ब्रेकवर पाय ठेवला की आमच्या जीपचा पुढचा उजवा इंडिकेटर मिणमिणायचा. मागचा डावा ब्रेकलाइट झकास लागायचा, उजव्यात मात्र नुसती विझत्या निखाऱ्यासारखी धग. गावातल्या पोरांनी त्याचा खेळच करून टाकला होता. "काका, ब्रेक मारा ना!" म्हणत ती पुढच्या बंपरजवळ उभी राहायची.

जीप १९६० च्या दशकातली. विलीस या अमेरिकन कंपनीच्या जीपगाड्यांचे भाग आणून त्या मुंबईत जोडायला महिंद्रानं १९४७ मध्ये सुरुवात केली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल इथंच बनू लागलं. इंजिन उंच, म्हणून बोनेटही उंच, त्यामुळे ही गाडी लांबूनच ओळखू येते. पावसाळ्यात आमच्या काळ्या जमिनीत बैलगाडीचं चाक बसतं, कधी ट्रॅक्टरही रुततो. तिथून ही म्हातारी चारही चाकांना जोर लावून बाहेर येते, म्हणून ती मला विकवत नाही. मागच्या दिवाळीत हौसेनं तिचा रंग खरवडून नवा दिला. इंडिकेटरचं भूत त्यानंतरच अंगात आलं, पण हे माझ्या लक्षात यायला चार महिने लागले.

उन्हाळ्यात शेतीची कामं थोडी सैल असतात. तेव्हा तिघांना बोलावलं. एक मित्र वायरमन आहे, दुसऱ्याचं विहिरीवरच्या मोटारी भरायचं दुकान आहे, आणि तिसरे आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर. मोबदला एकच ठरला: संध्याकाळी गोवऱ्यांवरचे रोडगे आणि वांग्याची भाजी.

वायरमननं ब्रेक दाबून बघितला आणि म्हणाला, "हे तं उलटं पाणी भरून रायलं बाप्पा."

याहून नेमकं निदान मला पुस्तकातही सापडलं नसतं. घरात बल्बला दोन तारा जातात, गाडीत एकच. परतीची तार म्हणजे गाडीचं लोखंड. बॅटरीचं ऋण टोक चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बांधलेलं असतं. दिव्यातून गेलेला करंट होल्डरच्या पत्र्यातून बॉडीत, बॉडीतून चेसिसमध्ये आणि तिथून बॅटरीत परततो. मेकॅनिक त्याला अर्थ म्हणतात, जमिनीशी त्याचा काही संबंध नसला तरी. म्हणजे गाडीतलं निम्मं सर्किट पत्र्याचं, नट-बोल्टांचं. आणि बिघाड शोधताना आपण बघतो फक्त उरलेलं निम्मं, रंगीत तारांचं.

मी काय केलं होतं? लाइटच्या बैठकी काढून खालच्या पत्र्याला प्रायमर आणि रंगाचे दोन हात मारले, आणि चमकत्या रंगावर त्या परत कसल्या. रंग हा चांगला विद्युतरोधक. उजव्या बैठकीचा अर्थ तिथंच तुटला. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला परतीची वाट उरली नाही. पण त्याच बैठकीत शेजारी इंडिकेटरचा बल्ब होता आणि त्याची तार पुढच्या इंडिकेटरला जोडलेली होती. करंट मागच्या इंडिकेटरमध्ये उलटा शिरला, तारेनं पुढे गेला आणि पुढच्या इंडिकेटरमधून तिथल्या चांगल्या अर्थला उतरला. ओलिताच्या दंडाचं तोंड बुजलं की पाणी शेजाऱ्याच्या वावरात घुसतं, तसंच हे. एकाऐवजी तीन बल्ब एकापुढे एक आले. तिन्ही २१ वॅटचे, म्हणून १२ व्होल्ट तिघांत सारखे वाटले गेले आणि प्रत्येकाच्या वाट्याला साधारण चार व्होल्ट आले. फिलामेंट लाल व्हायला तेवढे पुरतात, उजेड पडायला पुरत नाहीत.

बैठक खोलून, पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा पांढरी लख्ख घासली, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसला आणि वरून ग्रीस लावलं. भूत उतरलं. काम इथं थांबवता आलं असतं. पण वायरमननं तोवर डॅशबोर्डखाली हात घातला होता आणि फ्यूजच्या जागी लावलेला एक खिळा बाहेर काढला होता.

मग सगळंच काढायचं ठरलं. आधी बॅटरीची ऋण तार सोडवली. ती आधी का? धन टोकाचा नट सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर बॅटरी शॉर्ट होते आणि काहीशे अँपिअर क्षणात पान्यातून धावतात. ऋण तार आधी सुटलेली असली की बॉडी सर्किटबाहेर जाते, मग पाना कुठंही टेकला तरी बिघडत नाही.

जुना हार्नेस, म्हणजे गाडीतल्या तारांची अख्खी जुडी, न कापता काढला आणि छपरीत बाजेवर पसरून सुंभाला जागोजागी बांधला. मोटार भरणाऱ्या मित्राची ही कल्पना. वेढे मोजल्याशिवाय तो कधी मोटारीचं जुनं वाइंडिंग काढून टाकत नाही, तीच सवय. प्रत्येक टोकाला कागदी टेप लावून नाव लिहिलं. नावं लिहिणं भाग होतं, कारण पूर्वीच्या कुणा मेकॅनिकनं हाताला लागली ती लाल तार सगळीकडे वापरली होती.

तारांची दशा मात्र बघण्यासारखी होती. मूळ तारांवरच्या सुती विणीचा उंदरांनी फडशा पाडलेला. नंतर घातलेल्या तारांवरचं पीव्हीसी वाळल्या कडब्यासारखं कडकड मोडत होतं. पीव्हीसी मुळात कडकच असतं. ते लवचीक राहावं म्हणून त्यात मऊपणा आणणारी द्रव्यं मिसळतात. उष्णतेनं ती वर्षानुवर्षं झिरपून आणि उडून जातात. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो, मग बोनेटखाली काय होत असेल! आतलं तांबं काही ठिकाणी काळं, काही ठिकाणी हिरवं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं हे आमच्या आईला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. हवा, ओल आणि आम्ल मिळून तांब्यावर आपले थर चढवतात. काळा थर ऑक्साइडचा, हिरवा बहुतेक कार्बोनेटचा, आणि दोन्ही करंटच्या वाटेतले धोंडे.

इथं मी शहाणपणा केला. मीटर लावून म्हटलं, "हेडलाइटच्या तारेत बारा व्होल्ट येऊन रायले, ही तार कायले बदलता?"

सरांनी काही न बोलता तारेचा एक तुकडा घेतला, ब्लेडनं मधली सगळी बारीक तारकुटं कापली आणि एकच केसाएवढी ठेवली. तो बॅटरीला जोडला, दुसऱ्या टोकाला मीटर लावला. बारा व्होल्ट. मग हेडलाइट जोडला. ते तारकुट क्षणभर लाल झालं आणि तुटलं.

"मीटर काही वजन उचलत नाही," सर म्हणाले. "भार टाकल्याशिवाय बैल कळत नाही."

गणित सोपं आहे. ६० वॅटचा हेडलाइट १२ व्होल्टवर पाच अँपिअर घेतो, म्हणजे पेटलेल्या फिलामेंटचा रोध २.४ ओहम. कळकलेल्या जोडानं त्यात एका ओहमची भर घातली, असं समजू. एकूण रोध ३.४, म्हणजे करंट साडेतीन अँपिअर. जोडच साडेतीन व्होल्ट खातो, दिव्याला उरतात साडेआठ. फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानं बदलतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीस टक्के जातो, आणि साडेआठ व्होल्टवर तो जेमतेम एक तृतीयांश उरतो. शिवाय त्या जोडात बारा वॅट उष्णता तयार होत राहते, २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या निम्मी. मीटरला जेमतेम काही मायक्रोअँपिअर लागतात, त्यामुळे तोच जोड त्याला दिसतसुद्धा नाही. म्हणून दिवा पेटलेला ठेवून तारेच्या दोन टोकांमध्ये मीटर लावायचा: किती व्होल्ट वाटेतच गळतात ते कळतं. धन बाजूला एकदा आणि अर्थच्या बाजूला एकदा. दुसरी मोजणी बहुतेक जण करतच नाहीत.

वाटेतली गळती शेतकऱ्याला नवी नाही. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांबच्या शेवटच्या खांबावर मोटार नुसती घुमते, उचलत नाही, हे आम्ही रोज बघतो. गाडीत तेच दुखणं जास्त तीव्र. घरातला ६० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर पाव अँपिअर घेतो, गाडीतला पाच. करंट १९ पट, आणि तार तापते करंटच्या वर्गाच्या हिशेबानं. त्याच तारेत साडेतीनशे पटींहून जास्त उष्णता! म्हणून गाडीची तार आखूड आणि जाड हवी.

यावरून थोडी जुंपलीही. वायरमनकडे सबमर्सिबलची चपटी केबल उरलेली होती. "तांबं ते तांबं, फुकटात काम होते," तो म्हणाला. तांब्यापुरतं त्याचं खरं होतं, आणि आडरानात अडकलो तर मीही तीच वापरीन. पण तिचं आवरण विहिरीतल्या पाण्यासाठी असतं, इंजिनाची धग, पेट्रोल आणि ऑइल यांच्यासाठी नाही. शेवटी यवतमाळहून गाडीची तार आणली, वेगवेगळ्या रंगांची.

हेडलाइटचा करंट पूर्वी बॅटरीतून ॲमीटर, मग डॅशबोर्डचा स्विच, मग उजेड वर-खाली करणारा पायाखालचा डिपर, असा सहा मीटर फिरून यायचा. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे ०.०१७ ओहम. सहा मीटरचे झाले ०.१, आणि दोन दिव्यांच्या दहा अँपिअरला त्यात एक व्होल्ट गळतो. तार ७० अंशांपर्यंत तापली तर रोध आणखी पाचव्या हिश्शानं वाढतो. आता दिव्यांजवळ रिले बसवला. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यानं १८३५ मध्ये तारायंत्रासाठी वापरलेली ही युक्ती: छोट्या करंटनं विद्युतचुंबक ओढायचा आणि त्यानं मोठ्या करंटची वाट उघडायची. स्विचमधून आता पाव अँपिअरही जात नाही. इंजिन बंद असताना दिव्यावर आधी १०.४ व्होल्ट मिळायचे, आता ११.८ मिळतात. उजेड दीडपट झाला, बल्ब तेच.

फ्यूज बॅटरीला लागून बसवला. फ्यूज दिव्याला वाचवतो असा समज आहे; खरं तर तो तारेला वाचवतो. त्याच्या अलीकडच्या, बॅटरीकडच्या तारेला कुणी वाली नसतो, म्हणून अलीकडे तार जितकी कमी तितकं बरं. खिळ्याला मात्र वितळायची घाई नसते. त्याच्या आधी तार पेटते.

सगळ्यात आवडतं काम शेवटी झालं. इंजिन रबरी बैठकांवर बसलेलं असतं, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये तांब्याची विणलेली जाड पट्टी हवी. आमच्या जीपला ती नव्हतीच. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटार) मारताना दीड-दोनशे अँपिअर लागतात, ते परत जात कुठून होते? मित्रानं सेल्फ मारला आणि मला चोकची केबल धरायला लावली. चटका बसला. पट्टी बसवल्यावर केबल थंड राहिली आणि सेल्फचा आवाजही बदलला, कण्हणं गेलं.

अंधार पडायला आला तेव्हा रोडगे राखेतून निघत होते. सरांच्या मुलीनं ब्रेक दाबला. मागे दोन्ही लाल, पुढे काही नाही. पोरं हिरमुसली.

पेट्रोलचा काटा मात्र अजून हलत नाही. टाकीतल्या फ्लोटलाही अर्थ लागतो, आणि दिवाळीत मी टाकीसुद्धा रंगवली होती. टाकी उतरवायची तर आधी रिकामी करावी लागेल. तोवर सोललेली तुराटी बुडवून बघतो.