तबकडी आधी उजवीकडे, मग डावीकडे का वळते?

डिस्क गोल्फ खेळणाऱ्याची पिशवी उघडली, तर एकाच साच्यातल्या दोन-तीन तबकड्या हमखास निघतात. एक कोरी करकरीत, एक बऱ्यापैकी वापरलेली, आणि एक झाडांवर आपटून आपटून काठ खरबरीत झालेली. ती जुनी कुणी टाकून देत नाही. ती वेगळी उडते, म्हणूनच जपून ठेवतात.

खेळ गोल्फसारखाच, फक्त साखळ्या लावलेल्या टोपलीत तबकडी टाकायची. एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली त्याचं पहिलं कायमचं मैदान उभारलं.

उजव्या हाताने, हात छातीवरून आडवा ओढत तबकडी फेकली, की वरून पाहताना ती घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. सुरुवातीला वेग भरपूर असतो. तेव्हा हवेची उचल मध्याच्या जरा मागे लागते आणि तबकडीचं नाक खाली दाबू पाहते. पण फिरती वस्तू ढकलाल तिकडे झुकत नाही. भोवऱ्याला टिचकी मारून पाहा, तो काटकोनात बाजूला कलतो. तसंच इथे नाकाऐवजी उजवी कड खाली जाते आणि तबकडी उजवीकडे वळते. वेग ओसरला की ती खाली उतरू लागते, हवा पोटाखालून जास्त तिरपी लागते, उचल मध्याच्या पुढे सरकते. आता कल उलटा, डावीकडे.

एवढं लक्षात आलं की वाऱ्याचं कोडं सुटतं. तबकडीला जमिनीवरचा वेग कळत नाही, हवेतला कळतो. ताशी ९० किलोमीटरने फेकली आणि समोरून २० चा वारा असला, तर तिच्या लेखी वेग ११०. ती उजवीकडे जास्त कलंडते. वारा पाठीमागून असला तर ७०, म्हणजे उचल कमी आणि डावीकडचं वळण लवकर. तरीही जोरदार वारा तिला सोबत वाहून नेतो. डेव्हिड विगिन्स ज्युनियर यांनी २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात ३३८ मीटरचा विक्रम केला, तो अशाच पाठीवरच्या वाऱ्यात.

जुन्या तबकडीच्या काठावरून नख फिरवलं की खरचटे आणि खाचा लागतात. काठाचा आकार असा किंचित बदलला तरी उचलीची जागा हलते, आणि कोरी असताना सरळ जाणारी तबकडी उजवीकडे झुकू लागते. मला या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते, कारण नख लावल्याशिवाय न जाणवणारा फरक शंभर मीटरवर लख्ख दिसतो.

थंडीत हवा दाट होते. शून्य अंशाला ती तीस अंशापेक्षा सुमारे दहा टक्के जड असते, त्यामुळे अडथळा वाढतो. दमट हवा मात्र कोरड्या हवेपेक्षा हलकी! पावसात खरा घोटाळा बोटांचा होतो. पकड निसटते, फिरकी कमी बसते आणि तबकडी डगमगते.

म्हणून समोरून वारा असताना जाणते खेळाडू जोर वाढवत नाहीत. कोरी तबकडी काढतात आणि डावी कड आधीच थोडी खाली धरून सोडतात. मग वारा तिला उजवीकडे कलवतो, आणि त्याच कलाने ती सपाट होते.