मंडूकपर्णी (कारिवणा)

विहिरीच्या थारोळ्याजवळ, पाटाच्या कडेला, भातखाचराच्या बांधावर, जिथे ओल टिकते तिथे पसरणारी वनस्पती. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका, कूळ गाजर-कोथिंबिरीचे. जमिनीलगत धावणाऱ्या खोडाला पेरापेरावर मुळे फुटतात आणि लांब देठावर मूत्रपिंडाच्या आकाराचे, दातेरी कडेचे पान उभे राहते. महाराष्ट्रात हिला सर्रास ‘ब्राह्मी’ म्हणतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो, कारण जलब्राह्मी (बकोपा मोनिएरी) हीही ब्राह्मीच. तिची पाने इवलीशी, मांसल, समोरासमोर जोडीने येणारी. डबीवर नुसते ‘ब्राह्मी’ छापलेले असेल, तर आत कोणती हे शास्त्रीय नाव पाहिल्याशिवाय कळत नाही.

चरकसंहितेतील चार मेध्य (बुद्धी वाढवणाऱ्या) रसायनांत मंडूकपर्णीचा स्वरस, म्हणजे ताजा रस, पहिला. पुढे ज्येष्ठमध, गुळवेल, शंखपुष्पी. परीक्षा जवळ आल्या की घरोघरी गोळ्या येतात त्या या पुण्याईवर. आधुनिक चाचण्यांचा कौल मात्र थंड आहे. २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात स्मरण-आकलनात लक्षणीय फरक दिसला नाही. तरतरी थोडी वाढली, चिडचिड कमी झाली, इतकेच. जलब्राह्मीचा पुरावा त्यामानाने बरा, पण तोही सुमारे १२ आठवडे रोज घेतल्यावरचा. आदल्या रात्री घेऊन काही साधत नाही.

त्वचेच्या बाबतीत बाजू भक्कम आहे. पानांतील एशियाटिकोसाइड, मॅडेकासोसाइड ही द्रव्ये कोलॅजन या त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाची निर्मिती वाढवतात. मादागास्करमध्ये कुष्ठरोगाच्या जखमांवर तिचा अर्क वापरला गेला. ‘मॅडेकासॉल’ या मलमाचे नाव त्या बेटावरूनच आले. कोरियन ‘सिका’ क्रीममधला मुख्य घटकही हीच. मात्र हा पुरावा बहुतांशी वरून लावण्याचा आहे. तो कॅप्सूलच्या जाहिरातीला चिकटवणे ही विक्रेत्यांची चलाखी.

श्रीलंकेत गोटुकोला या नावाने हिची पाने बारीक चिरून, खोबरे घालून भाताबरोबर नेहमी खातात. गोळ्यांचे तसे नाही. अर्जेंटिनात २० ते ६० दिवस गोळ्या घेतलेल्या तीन स्त्रियांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद २००५ साली झाली. गोळ्या बंद केल्यावर त्या सुधारल्या. म्हणून यकृताचा विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि झोपेची औषधे घेणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्याविना घेऊ नये. मलमानेही काहींना पुरळ उठते. आणखी एक खोड: ही वनस्पती मातीतले शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून घेते, त्यामुळे कारखान्याच्या नाल्याकाठची पाने कितीही टवटवीत दिसली तरी खुडण्याजोगी नसतात.