माठ, टँकर आणि आल्प्समधला बर्फ

भाच्याने जेवणाच्या टेबलावर आल्प्समधल्या स्कीच्या दोन ठिकाणांची माहितीपत्रकं पसरली आणि विचारलं, "मामा, यातलं चांगलं कुठलं?" एकावर लिहिलं होतं २८० किलोमीटरचे उतार, दुसऱ्यावर १५०. एकात गरम पाण्याचा तलाव आणि भारतीय जेवण, दुसऱ्यात चर्चचा कळस आणि लाकडी घरं. भाचा, त्याची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी, तिघांपैकी कुणीही कधी स्कीवर उभं राहिलेलं नाही. बर्फाचा अनुभव म्हणाल तर कुर्ल्याच्या मॉलमधल्या स्नो पार्कात तासभर कुडकुडणं. मी स्वतः गुलमर्गला दोनदा स्की चढवली आहे आणि दोन्ही वेळा बराचसा काळ पाठीवर होतो. पण कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्यात हयात गेल्यामुळे उत्तर देण्याची खोड जात नाही. मी गॅलरीतल्या माठाकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं, मामांना तहान लागली.

माठाकडे येतोच. आधी किलोमीटरचा निकाल लावू. स्की करणारा सरळ रेषेत खाली येत नाही, नागमोडी येतो, आणि उताराची लांबी सांगताना काही ठिकाणी ही वळणंही हिशेबात धरतात. आकडा खरा असला तरी नवशिक्याचे पहिले तीन-चार दिवस दीडदोनशे मीटरच्या एकाच उतारावर जातात. पोहायला शिकायला निघालेल्याने अरबी समुद्राचं क्षेत्रफळ विचारावं, तसं ते. विचारायचं ते हे, की त्या दीडशे मीटरवर तुमच्या तारखांना बर्फ असेल का, आणि असला तर कसा असेल?

पहिली गोष्ट उंची. माहितीपत्रकात बहुधा सर्वांत वरच्या स्टेशनाची उंची ठळक छापतात, गावाची बारीक अक्षरांत. ऑस्ट्रियातलं किट्झब्यूल हे नावाजलेलं गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम ७६० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या माथेरानएवढंच. फ्रान्समधलं वाल तोराँस २३०० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून या दोन गावांत साधारण दहा अंशांचा फरक पडतो. एकाच ढगातून एका गावात पाऊस आणि दुसऱ्यात बर्फ पडू शकतो. हा हिशेब सरासरीचा आहे. हिवाळ्यातल्या शांत रात्री जड, थंड हवा दरीत साचते आणि वरचा डोंगर खालच्या गावापेक्षा उबदार असतो. मुंबईत जानेवारीच्या सकाळी धुरकं खाली बसून राहतं, त्याच्यामागेही असाच तापमानाचा उलटा थर असतो.

स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासकांनी एक साधी कसोटी वापरात आणली. १ डिसेंबर ते १५ एप्रिल या काळात किमान १०० दिवस किमान ३० सेंटिमीटर बर्फ, आणि तोही दहापैकी सात हिवाळ्यांत. तो मिळाला तर जागा भरवशाची. ओईसीडी या प्रगत देशांच्या आर्थिक संघटनेने २००७ साली आल्प्समधली ६६६ ठिकाणं अशाच कसोटीवर तपासली, तेव्हा ६०९ उत्तीर्ण झाली. तापमान एका अंशाने वाढलं तर ५००, दोन अंशांनी ४०४, चार अंशांनी २०२. त्यांनी धरलं होतं की प्रत्येक अंशाला भरवशाची रेषा १५० मीटर वर सरकते. वरचा साडेसहा अंशांचा आकडा उलटा करून पाहा, तेच उत्तर येतं.

पण नुसती उंची पाहणारा फसतो. झरमॅट हे गाव १६२० मीटरवर, तिथून केबल कार ३८८३ मीटरपर्यंत नेते, तरी हे गाव आल्प्समधल्या कोरड्या पट्ट्यात येतं, कारण भोवतालची उंच शिखरं ढगांतलं पाणी आधीच काढून घेतात. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि घाट उतरून वाईला हजाराच्या आत, तोच प्रकार. उलट ऑस्ट्रियाच्या फोरार्लबर्गमधलं वार्थ १५०० मीटरवरच आहे, पण वायव्येकडून येणारे ढग तिथे प्रथम आपटतात, म्हणून बर्फाचे ढीग लागतात. झरमॅटला कमी पडतो पण टिकतो. पडणं आणि टिकणं ही दोन वेगळी खाती आहेत, आणि माहितीपत्रकं पहिल्याचंच पासबुक दाखवतात.

टिकण्याच्या खात्यात सगळ्यात मोठा खर्च सूर्य करतो. फ्लॅट घेताना दिशा विचारणारे आपण, इथे विचारायला विसरतो! आल्प्स सुमारे ४६ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. २१ डिसेंबरला भर दुपारी तिथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेवीस अंश वर येतो. मुंबईत तो त्याच दिवशी साडेसत्तेचाळीसपर्यंत चढतो. उत्तरेकडे तोंड असलेला आणि वीस-एकवीस अंशांहून जास्त तिरपा उतार त्यामुळे डिसेंबरात दुपारीही सावलीत राहतो. मार्चअखेर मात्र सूर्य ४४ अंशांच्या वर पोहोचतो, मुंबईच्या डिसेंबरातल्या सूर्याच्या जवळपास, आणि दक्षिणेकडचे उतार दुपारी लापशीसारखे होतात. शिवाय बर्फ जुना होतो तसा मळतो. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो, जुना ओला बर्फ निम्माच. म्हणजे वितळायला लागलेला बर्फ आणखी वेगाने वितळतो.

आता माठ. आमच्या पार्ल्याच्या गॅलरीतला माठ मे महिन्यात पाणी गार करतो, पण नागपूरच्या मावशीच्या माठाची सर त्याला नाही. ३४ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या मुंबईत माठातलं पाणी फार तर २८ अंशांपर्यंत उतरेल. ४४ अंशांनी भाजणाऱ्या पण १५ टक्के आर्द्रतेच्या नागपुरात ते २३ पर्यंत जाऊ शकतं. हवा दहा अंशांनी जास्त तापलेली, आणि पाणी पाच अंशांनी जास्त गार. बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त जिथवर थंड होऊ शकतं, त्या मर्यादेला वेट बल्ब तापमान म्हणतात. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की ते मोजता येतं.

आल्प्समधल्या बर्फाच्या तोफा हाच माठ वापरतात. तोफ पाण्याचा बारीक फवारा हवेत उडवते. थेंबातलं थोडं पाणी उडून जातं, उरलेलं थंड होतं आणि जमिनीवर पडेपर्यंत गोठतं. सुरुवातीला दाबलेली हवा अचानक सुटते, तिच्यात काही सूक्ष्म बर्फकण तयार होतात आणि त्यांच्याभोवती बाकीचे थेंब गोठतात. यासाठी वेट बल्ब तापमान साधारण उणे दोनच्या खाली लागतं. बाहेर शून्य अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल तर वेट बल्ब उणे चारच्या आसपास जातं, तोफ खुशाल चालते. बाहेर उणे एक असूनही हवा धुक्याने ओथंबलेली असेल तर यंत्र उभंच राहतं. म्हणून "आमच्याकडे तोफा आहेत" एवढ्याने काम भागत नाही. तोफांसाठीचा साठवण तलाव भरण्याइतकं पाणी आणि तोफ चालण्याइतके कोरडे, गार तास हवेत. इटलीत सुमारे ९० टक्के आणि ऑस्ट्रियात ७० टक्क्यांच्या आसपास उतारांवर ही सोय आहे, तरी नोव्हेंबर दमट आणि उबदार गेला तर नाताळात हिरव्या डोंगरावर एकच पांढरी पट्टी दिसते.

पाणी किती लागतं, याचा अंदाज मुंबईकराला टँकरमध्येच येतो. आपलं शिवाजी पार्क साधारण २८ एकर, म्हणजे ११ हेक्टरांच्या थोडं वर. त्यावर फूटभर कृत्रिम बर्फ पसरायचा तर ३३ हजार घनमीटरहून अधिक बर्फ लागेल. एक घनमीटर पाण्यातून सव्वादोन घनमीटर बर्फ धरला तर जवळजवळ दीड कोटी लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे सुमारे दीड हजार टँकर. एका शिवाजी पार्कासाठी, आणि एकाच थरासाठी. भाच्याच्या सोसायटीत उन्हाळ्यात दिवसाला दोन टँकर येतात, त्यामुळे हा आकडा त्याला पाठ करावा लागला नाही.

हा बर्फ आकाशातल्यासारखा नसतो. जपानी भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत हिमस्फटिक वाढवले आणि तापमान बदललं की आकार बदलतो हे दाखवलं. उणे पाचच्या आसपास सुया आणि स्तंभ, उणे पंधराला सहा फांद्यांच्या चांदण्या. अशा चांदण्यांत हवाच जास्त, म्हणून ताज्या बर्फाच्या घनमीटरचं वजन अनेकदा पन्नास ते शंभर किलो असतं. तोफेतून निघतात ते गोठलेले गोल थेंब, साबुदाण्याहून बारीक पण त्याच घाटाचे, आणि घनमीटरला चारशे-पाचशे किलो. गंमत अशी, की नवशिक्यासाठी हा जड बर्फ वाईट नाही. तो दबतो कमी, टिकतो जास्त. छायाचित्रातला कमरेइतका भुसभुशीत बर्फ नवख्याला दोन मिनिटांत गाडतो. माझ्यावर विश्वास ठेवा.

घसरणंही बर्फाच्या तापमानावरच ठरतं. अंगाच्या वजनाने बर्फ वितळतो म्हणून स्की घसरते, असं आम्ही शाळेत शिकलो. ते टिकत नाही. दोन स्कींवर उभ्या माणसाचा बर्फावरचा दाब वातावरणाच्या दाबाच्या चाळिसाव्या भागाएवढा असतो, आणि एका अख्ख्या वातावरणाच्या दाबानेही वितळणबिंदू अंशाच्या शंभराव्या भागाहून कमी सरकतो. बोडन आणि ह्यूज या संशोधकांनी १९३९ साली मांडलं की घर्षणाच्या उष्णतेने पाण्याचा पातळ थर तयार होतो. त्यांचे काही प्रयोग झाले स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोखला, जिथे आपल्या सहलींचे गट आज फोटो काढतात. म्हणून उणे वीसला बर्फ वाळूसारखा अडतो, शून्याला ओला होऊन चिकटतो, आणि उणे तीन ते उणे सातच्या दरम्यान स्की मजेत पळते.

डोंगरावर नेणाऱ्या, दोराला टांगलेल्या खुर्च्यांच्या लिफ्टबद्दल थोडक्यात. लिफ्टचा वेग पाहून हुरळू नका. फलाटावरची गर्दी गाडीच्या वेगाने हटत नाही, दोन गाड्यांमधल्या अंतराने आणि डब्यांच्या संख्येने हटते, हे दादरला उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको. सहा आसनांची खुर्ची दर सात सेकंदांना आली तर तासाला तीन हजारांवर लोक वर जातात. दोन आसनांची जुनी खुर्ची सहा सेकंदांना आली तरी बाराशेच. नव्या लिफ्टचा दोर सेकंदाला पाच मीटर पळतो, पण स्टेशनात खुर्ची दोरावरची पकड सोडून रांगत येते. तशी ती आली नाही तर नऊ वर्षांच्या मुलीला धावती लोकल पकडायला लावल्यासारखं होईल.

उतारांचे रंगही नीट वाचावेत. जर्मनी-ऑस्ट्रियाकडे निळा म्हणजे साधारण २५ टक्क्यांपर्यंतचा चढ, लाल ४० टक्क्यांपर्यंत, काळा त्याच्या पुढे. फ्रान्समध्ये निळ्याच्या आधी हिरवा असतो. २५ टक्के ऐकायला सौम्य वाटतं. आपल्या बोरघाटातल्या रेल्वेचा सर्वांत कठीण चढ ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे तीन टक्क्यांहून कमी, आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून इंजिनं लावावी लागतात.

"मग मे महिन्यात जाऊ," भाचा म्हणाला, "शाळेला सुट्टी असते." तिथे माझा नाइलाज. मे महिन्यात आल्प्समधली बहुतेक ठिकाणं बंद होतात. झरमॅट किंवा ऑस्ट्रियातलं हिंटरटुक्स अशी हिमनदीवरची मोजकी ठिकाणं बारा महिने चालतात. पण ३८८३ मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ-बासष्ट टक्क्यांवर येतो, आणि पार्ल्याहून निघालेल्या माणसाचं डोकं पहिल्या दिवशी दुखलं तर नवल नाही. गुलमर्गच्या गोंडोलाचं वरचं टोकही जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे. गुलमर्ग स्वस्त, जवळ आणि सुंदर, पण तिथला बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून. जानेवारी २०२४ मध्ये ते रुसले आणि महिन्याच्या शेवटापर्यंत उतार जवळजवळ उघडे पडले होते.

शेवटी भाच्याने दोन्ही ठिकाणांना एकच ईमेल पाठवलं. नवशिक्यांचा उतार किती उंचीवर आहे? त्याचं तोंड कुठल्या दिशेला? आणि गेल्या पाच हिवाळ्यांत तो पहिल्यांदा कोणत्या तारखेला उघडला? २८० किलोमीटरवाल्यांकडून गरम तलावाचे आणखी सहा फोटो आले. दुसरीकडून चार ओळी आल्या: १९०० मीटर, ईशान्य, आणि खाली पाच तारखा, त्यातली एक चक्क २९ डिसेंबर. ती वाचून भाच्याने नाताळ सोडून दिला आणि मुलीच्या शाळेत जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याच्या रजेचा अर्ज टाकला. अर्जात कारण काय लिहिलं, ते मी विचारलेलं नाही.