असेंबल्ड संगणक : मोजक्या पैशांत भागांची निवड

असेंबल्ड संगणक म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड (बाकीचे भाग ज्यावर जोडतात ती पाटी, थोडक्यात ‘बोर्ड’), रॅम (कामापुरती मेमरी), एसएसडी (कायमची साठवण), एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा खोका) आणि कॅबिनेट असे सुटे भाग वेगवेगळे विकत घेऊन जोडलेला डेस्कटॉप. बोलीत त्याला ‘असेंबल केलेला’ म्हणतात, कंपनीकडून तयार येणारा तो ‘ब्रँडेड’. तरुण मंडळींत ‘पीसी बिल्ड’ हा शब्द रुळला आहे. जोडणी हे स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन-तीन तासांत उरकणारे काम. डोके खर्ची पडते ते त्याआधी, पैसे कोणत्या भागावर घालायचे आणि कोणत्या भागावर हात आखडायचा हे ठरवताना. बजेट तंग असले की ही निवड चुकण्याच्या जागाही ठरलेल्या असतात.

वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात याचे आज कोणाला नवल वाटत नाही. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तेव्हा घाईपोटी बरेचसे भाग बाहेरून घेतले होते : प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. तांत्रिक माहितीपुस्तिकाही छापून टाकली. स्वतःचे म्हणावे असे बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम, तेवढे हाताशी राहिले. कॉम्पॅकने मूळ कोड न वाचता तसेच वागणारे बायोस नव्याने लिहून घेतले आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये आयबीएमशी जुळणारा संगणक जाहीर केला. पुढे फिनिक्स कंपनी असे बायोस वाटेल त्याला विकू लागली आणि कोणीही संगणक बनवू शकेल अशी स्थिती आली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवले. बोर्डाच्या स्क्रूची भोके कुठे, मागचे पोर्ट कुठे, वीज कोणत्या कनेक्टरने यायची, हे सगळे त्यात आले. आज दुकानातून जवळपास कोणतेही कॅबिनेट उचलले तरी बोर्ड त्यात बसतो तो या ठरावामुळे. कमी बजेटमध्ये बहुधा याचीच धाकटी आवृत्ती, २४४ मिमी चौरसाचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड घेतला जातो.

कोटेशनचा कागद

मुंबईत या खरेदीचे ठिकाण म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले, तरी १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही. दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळूरला एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट हे त्याचेच भाऊबंद. कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न ‘बजेट किती?’ आणि मग हातात एक कागद. त्यावर साधारण असे लिहिलेले असते : आय५, बोर्ड, १६ जीबी, ५१२ एसएसडी, गेमिंग कॅबिनेट विथ एसएमपीएस. यातली एकही नोंद खोटी नसते आणि एकही पुरेशी नसते. स्वस्तात चांगला संगणक घेण्याची विद्या म्हणजे बव्हंशी हा कागद वाचण्याची विद्या.

‘आय५’पासून सुरुवात करू. हे नाव इंटेलने २००९ पासून चौदाव्या पिढीपर्यंत वापरले, त्यामुळे एकट्या आय५ला काही अर्थ उरलेला नाही. पुढचा आकडा पिढी सांगतो : आय५-१२४०० हा बाराव्या पिढीचा, सहा कोअर (प्रत्यक्ष काम करणारे आतले विभाग) आणि बारा थ्रेडचा (एका वेळी हाताळता येणारी कामे). आय५-२४०० हा दुसऱ्या पिढीचा, जानेवारी २०११ मधला, चार कोअर आणि चारच थ्रेडचा. जुन्या कार्यालयीन संगणकांतून निघालेले असे प्रोसेसर नव्याकोऱ्या एच६१ बोर्डावर बसवून ‘आय५ गेमिंग पीसी’ म्हणून सर्रास विकले जातात. आय३-१२१०० नाव लहान असूनही त्यांना सहज मागे टाकतो. आकड्यामागचे अक्षरही महत्त्वाचे. इंटेलचे ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिच्या रायझन ५००० मालिकेतले ‘जी’ म्हणजे ग्राफिक्स आहे. थोडे पैसे वाचवायला आय३-१२१००एफ घेतला, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घेतलेच नाही आणि मॉनिटरची वायर बोर्डाच्या एचडीएमआयला लावली, तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळाच राहतो. बिघाड कशातच नसतो. चित्र तयार करणारे आत कोणीच नसते.

‘ट्रे’ प्रोसेसर स्वस्त दिसतो, पण तो खोक्याविना आणि कूलरविना येतो आणि वॉरंटीचा भार दुकानदाराच्या शब्दावर राहतो. खोक्यातल्या प्रोसेसरला इंटेल आणि एएमडी दोघांचीही तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि आय३-१२१०० किंवा रायझन ५ ५६०० सारख्यांबरोबर कामापुरता कूलरही मिळतो. या वर्गात वेगळा कूलर घेणे ही चैन.

‘बोर्ड’ एवढेच लिहिलेले असेल, तर विचारायचे : सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) कोणते, चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) कोणता, रॅम डीडीआर४ पिढीची की नंतरच्या डीडीआर५ची? एएमडीचे एएम४ सॉकेट २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत चालले. २०२२ मध्ये आलेले एएम५ फक्त डीडीआर५ घेते. इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, पण एका बोर्डावर एकच प्रकार चालतो, कारण खाचेची जागाच वेगळी असते. एएम४ वर संगणक आज स्वस्त पडतो, पण तो रस्ता पुढे संपलेला आहे. एएम५ ला सुरुवातीला जास्त पडतात, पुढे नुसता प्रोसेसर बदलता येतो. दुकानात पडून राहिलेला जुना बी४५० बोर्ड ५००० मालिकेचा प्रोसेसर बायोस अपडेट केल्याशिवाय ओळखत नाही, म्हणून ते अपडेट दुकानातच करून घ्यावे.

‘१६ जीबी’ म्हणजे एक पट्टी की आठ-आठच्या दोन? डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला कमाल २५.६ जीबी माहिती वाहते, दोन चॅनेलमध्ये दोन पट्ट्या लावल्या की ५१.२. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या संगणकात हा फरक गेम खेळताना नजरेला कळतो, कारण ते ग्राफिक्स हीच रॅम वापरते. दोनच स्लॉटच्या बोर्डावर मात्र दोन पट्ट्यांनी जागा भरून जाते आणि पुढे वाढवताना जुन्या काढाव्या लागतात. तरीही दोन घ्याव्यात असे माझे मत.

‘५१२ एसएसडी’ साटा या जुन्या जोडणीची असेल तर वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडतो, एनव्हीएमई या नव्या जोडणीची, तिसऱ्या पिढीची असेल तर ३,५०० पर्यंत जातो. बोर्डावर चपटी बसणारी प्रत्येक एम.२ पट्टी एनव्हीएमई नसते, हे पाहून घ्यावे. घरी आल्यावर विंडोज ४७६ जीबीच दाखवते, त्यात फसवणूक नाही. कंपनी दशमान पद्धतीने मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत.

एसएमपीएस

कागदावरची शेवटची नोंद सगळ्यांत महागात पडणारी. ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ यातले ‘विथ’ म्हणजे फुकट मिळाले असे गिऱ्हाइकाला वाटते. समोर काच, आत चार रंगीत पंखे आणि पाठीमागे हातात घेतल्यावर रिकाम्या डब्यासारखा लागणारा वीजपुरवठा : चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. या खोक्यावर ४५० वॉट छापलेले असते, पण खरे काय ते बाजूच्या लेबलवरच्या तक्त्यात दिसते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. तिच्यापुढचे आंपियर पाहायचे आणि १२ ने गुणायचे. १८ आंपियर असतील तर २१६ वॉट, म्हणजे ४५० हा आकडा केवळ शोभेचा. ३६ आंपियर असतील तर ४३२, म्हणजे छापले त्याच्या जवळपास.

गरज किती, हेही मोजता येते. रायझन ५ ५६०० चे रेटिंग ६५ वॉट, जोर लागला की थोडे वर. आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड १३२ वॉट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास-साठ. सगळे धरून तीनशेच्या आत. म्हणजे चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचा एसएमपीएस पुरतो, पुढचा विचार असेल तर ५५०. ‘७५० घ्या, सेफ’ हा सल्ला पैसे वाया घालवतो आणि ‘कॅबिनेटबरोबर आलाय की’ हा सल्ला बोर्ड जाळतो. २००४ पासून दिल्या जाणाऱ्या ‘८० प्लस’ प्रमाणपत्रात कार्यक्षमता मोजली जाते. निम्म्या भारावर ब्राँझला ८५ टक्के लागते. शॉर्टसर्किट किंवा दाब चढल्यावर आतले संरक्षण कसे वागेल हे त्यातून कळत नाही, तरी बिनप्रमाणपत्राचा माल गाळायला एवढी चाळणी पुरते.

दोन स्वस्त भागांची अडवणूक

ग्राफिक्स कार्ड लागते का, हा प्रश्न आधी विचारावा. मराठी डीटीपी, हिशेब, शाळेचा अभ्यास, ब्राउझरमधले काम यांना प्रोसेसरमधले ग्राफिक्स भरपूर झाले. तिथे पैसे रॅम आणि चांगल्या मॉनिटरवर घालावेत. गेम किंवा व्हिडिओ संपादन असेल तर टॉवरच्या (कॅबिनेट आणि त्यातल्या भागांच्या) खर्चातला सुमारे एक तृतीयांश ते चाळीस टक्के वाटा कार्डाकडे जातो, असा सर्वसाधारण अंदाज धरतात.

भाग एकेकटे चांगले असून जोडी वाईट निघते, याचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. जानेवारी २०२२ मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी हे स्वस्त कार्ड १६ ऐवजी चारच पीसीआय एक्स्प्रेस लेन (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या माहितीच्या वाटा) वापरते. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये एवढ्या लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती जाते आणि कार्ड बऱ्यापैकी चालते. आता त्याच्याबरोबर पैसे वाचवायला रायझन ५ ५५०० घेतला. नाव ५६०० च्या शेजारचे, पण आत पीसीआय एक्स्प्रेसची जुनी तिसरी पिढी. वेग निम्म्यावर येतो. कार्डावर मेमरी चारच जीबी, ती भरली की रॅमकडे धावायचे आणि धावण्याची वाटही अरुंद झालेली. नेमक्या याच जागी गेम अडखळतो. ए५२० बोर्ड घेतला तरी तेच. हजार-दोन हजार रुपये दोन ठिकाणी वाचवले आणि एका कार्डाचे पैसे पाण्यात गेले.

भाव आणि सेकंडहँड बाजार

‘अमुक रकमेत उत्तम बिल्ड’ अशा याद्या भराभर शिळ्या होतात. २०२० ते २०२२ या काळात क्रिप्टो मायनिंग (कार्डांकडून गणिते करवून क्रिप्टोचलन मिळवणे) आणि चिपटंचाईमुळे ग्राफिक्स कार्डे छापील किमतीच्या कितीतरी वर गेली होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टोचलनाने कार्डांवरचे मायनिंग बंद करणारा बदल केला आणि तीच कार्डे पोत्याने जुन्या बाजारात उतरली. २०२५ च्या अखेरीस पाळी रॅमची आली. एआयच्या डेटा सेंटरची मागणी वाढल्याने मेमरीचे भाव झपाट्याने चढले आणि यादीतला सगळ्यांत निवांत भाग डोकेदुखी होऊन बसला. अशा वेळी जुन्या संगणकातली डीडीआर४ रॅम काढून लावता येईल असा बोर्ड निवडणे शहाणपणाचे.

जुन्या बाजारातून घ्यायला प्रोसेसर सगळ्यांत निर्धोक. पिना वाकलेल्या नाहीत ना एवढे पाहायचे. एएम४ मध्ये त्या प्रोसेसरला असतात, एलजीए प्रकारच्या सॉकेटमध्ये बोर्डाला. ग्राफिक्स कार्ड समोर अर्धा तास चालवून, पंख्यांचा आवाज ऐकून घ्यावे. एसएमपीएस आणि हार्ड डिस्क जुनी घेऊ नये. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपल्यावर कार्यालयांतून निघालेले सहाव्या-सातव्या पिढीचे संगणक स्वस्त झाले, कारण विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालते. उबंटूसारखी लिनक्स प्रणाली टाकायची असेल, तर मात्र हाच माल सोन्यासारखा. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक तिच्यातही असतो.

बजेट ठरवताना टॉवरबाहेरचे विसरले जाते : मॉनिटर, कीबोर्ड, माउस, विंडोजचा परवाना. लोडशेडिंगच्या गावात यूपीएसही. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस सुमारे ३६० वॉटच झेपवतो. तो काम सेव्ह करून बंद करण्यापुरता, खेळत बसण्यासाठी नाही.

पैसे देताना ‘बिल पाहिजे का?’ असे विचारले जाते आणि बिनबिलाचा भाव खाली येतो. सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के, त्यामुळे मोह मोठा असतो. पण वॉरंटीला भाग घेऊन गेल्यावर बिल मागितले जाऊ शकते. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्यावा आणि खोक्यांवरच्या स्टिकरशी तिथेच ताडून पाहावा.

संगणक घरी आल्यावर पहिल्याच दिवशी बायोस उघडून रॅमचा वेग पाहावा. ३२०० ची म्हणून घेतलेली डीडीआर४ पट्टी बऱ्याचदा २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालत असते. एक्सएमपी नावाचा पर्याय चालू करून सेव्ह केले की घेतलेला वेग मिळतो. कित्येक घरांत तो वर्षानुवर्षे बंदच राहिलेला असतो.